सुप्याच्या मुक्कामी आईला काय चावलं

मी साखर कारखान्यात कायम झालो, त्याचा सगळ्यात जास्त त्रास माझ्या आईच्या पायांना झाला.

त्याआधी मी बरीच वर्षं हंगामी होतो. म्हणजे उसाचं गाळप सुरू झालं की कामावर, कारखान्याचा पट्टा पडला की घरी. बावड्यात आमच्या घराच्या ओट्यावर बसून मी उन्हाळे काढायचो आणि येणारा-जाणारा विचारायचा, "काय, अजून हंगामीच का?" आई हे आतून ऐकायची. एका रविवारी तिनं कोणाला न विचारता मतमाउलीला नवस बोलून टाकला. पोरगा कायम झाला, तर बावड्यापासून हरेगावपर्यंत यात्रेला चालत येईन आणि वाटेत कुरकुर करणार नाही.

आम्ही ख्रिस्ती. श्रीरामपूरच्या बाजूला हरेगावला सप्टेंबरात मारियेच्या, म्हणजे मतमाउलीच्या, जन्माची यात्रा भरते आणि लांबलांबून माणसं तिथं चालत जातात. तेव्हा नवसाच्या पहिल्या भागात नवल काही नव्हतं. दुसरा भाग आईनं स्वतःच्या डोक्यानं जोडला होता. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "पहिलं जमंल. दुसऱ्याचं अवघड हाय." आई काही बोलली नाही. मला वाटतं तिनं तेव्हापासूनच सराव सुरू केला होता.

नव्वदीच्या दशकाच्या मधल्या कुठल्यातरी वर्षी मी कायम झालो. आता माझ्या अंगात शहाणपणा आला. मी ठरवलं, आई आयुष्यभर चपलांवर चाललीय, एवढ्या लांबच्या चालीला तिला बूट पाहिजेत. शहरातली माणसं सकाळी बूट घालून चालतात, हे मी इंदापुरात स्वतः पाहिलं होतं. आईला नेलं तर ती नको म्हणणार, म्हणून दारातल्या चपलांतली तिची एक चप्पल उचलली, वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं भोवती रेघ मारली आणि तो कागद घेऊन दुकानात गेलो. दुकानदार कागदाकडे बघून म्हणाला, "बाईंचा पाय नाजूक आहे." मी म्हणालो, "हो, तशी ती नाजूकच आहे." माझी आई नाजूक नव्हती. पण कायम झालेल्या माणसाला आईबद्दल असं बोलावंसं वाटतं.

बूट पांढरे, कापडी, कडेनं निळी रेघ. आईनं घातले. थोडा वेळ उभी राहिली. म्हणाली, "बसत्यात. चांगले बसत्यात."

माझी रजा ही दुसरी अडचण. साहेबांनी ती अशी दिली होती की जणू स्वतःच्या घरातली काढून देताहेत. यात्रेचा मुख्य दिवस अजून लांब होता, त्याआधी नऊ दिवस प्रार्थना असतात. आई, आबा आणि ताई तिथं राहणार होते. पण मला तो सोहळा सुरू झालेला डोळ्यांनी बघून लगेच परत फिरायचं होतं, म्हणून मी सगळ्यांना पळवत होतो. वाटही मीच ठरवलेली. भिगवणवरून गेलो असतो तर जवळ पडलं असतं, हे मला आजही लोक सांगतात. पण ताईचं सासर बारामतीजवळ कन्हेरीला, तिथं मुक्कामाची आणि जेवणाची सोय. ताई माझ्यापेक्षा मोठी. निघायच्या आधी चार दिवस ती माहेरी बावड्याला आली होती, आमच्याबरोबर चालण्यासाठी.

कन्हेरीहून सुप्याला आम्ही एका दमात गेलो. म्हणजे मी पुढं, आणि मागं वळून "चला, चला" म्हणणार. आबा म्हणायचे, "आरं, आपण यात्रेला निघालोय का एस्टी गाठायला?" आई गप्प. सुप्याच्या अलीकडे माळ लागतो, एका बाजूला हरणांचं अभयारण्य, दुसऱ्या बाजूला बाजरी. शनिवारी दिवस मावळायच्या आत आम्ही एका वस्तीवर टेकलो आणि आबांनी जाहीर केलं, "उद्या रविवार. उद्या पाय उचलायचा न्हाय." रविवारी ते बावड्यातही औत धरत नसत. माझ्या रजेतला एक दिवस जाणार होता, पण आबांच्या रविवारापुढं रजा काय करणार?

वस्ती होती तात्यांची. एकेकाळी मोठा मेंढरांचा कळप बाळगलेलं घर, आता थोडी बाजरी, थोडी मटकी, चार शेळ्या आणि पुतण्याची वडाप जीप. मेंढरांचा मोकळा पडलेला पत्र्याचा वाडा त्यांनी आम्हाला दिला. एका अंगाला कडब्याची गंज, दुसऱ्या अंगाला आम्ही.

आम्ही कोण, कुठं निघालो हे आबांनी सांगितलं. तात्यांनी आम्हाला निरखून बघितलं. "किरिस्ताव म्हंजी गोरी माणसं असत्यात असं वाटायचं मला," ते म्हणाले. "तुमी तर आमच्यासारखीच काळी." मग त्यांनी घरातून तांब्या मागवला आणि देता देता थबकले. जरा संकोचून विचारलं, "आमच्या हातचं पाणी चालतं न्हवं तुमाला?"

आबांनी तांब्या घेतला, पण लगेच प्यायले नाहीत. त्यांच्या सबंध आयुष्यात पाण्याबद्दलचा प्रश्न नेहमी उलट्या बाजूनं आला होता. चालतं का, असं त्यांना विचारणारा हा पहिला माणूस. "चालतं की," ते म्हणाले, आणि सगळा तांब्या संपवला. तहान नसताना.

रविवारी सकाळी आमची जपमाळ झाली. तात्यांच्या घरची मंडळी थोड्या अंतरावर बसून बघत होती. मणी किती, मध्येच मोठा मणी कशाला, शेवटी क्रूस का, सगळं त्यांनी नंतर ताईला विचारून घेतलं. तात्यांची बायको, जिला सगळी वस्ती बाय म्हणायची, तिनं माळ हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, "जड न्हाय." ती जड असेल असं तिला का वाटलं होतं, ते कळलं नाही.

मग ताईच्या लक्षात आलं की आईनं रात्रीपासून मोजे काढलेले नाहीत. "काढ," ताई म्हणाली. आई म्हणाली, "राहू दे, थंडी हाय." थंडी नव्हती. ताईनं मोजे काढले. दोन्ही टाचांची सालपटं गेलेली, अंगठ्याशेजारी फोड, करंगळी जांभळी. ताईनं बूट उचलला, उलटा केला, आपल्या पायाशी लावून बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"माप कुणाच्या चपलंचं घेतलंस रं?"

"आईच्या."

"दारात माझी पण चप्पल व्हती त्या वेळी."

दुकानदाराला जो पाय नाजूक वाटला होता तो ताईचा होता. मी बूट तिच्या हातातून घेतले आणि कडब्याच्या मागं सरकवले, डोळ्यांसमोर नकोत म्हणून.

आबांनी मात्र पायच बघितले. बराच वेळ बघितले आणि निकाल दिला. "आज दिवसभर पाय खाली टेकवू नको. सांजच्याला हितनं त्या चिंचंपर्यंत न लंगडता चालून दाखव. जमलं तर उद्या पुढं. न्हाय जमलं तर सकाळी एस्टीत बसायचं."

"एस्टीत बसले तर नवस मोडंल," आई म्हणाली.

"पाय मोडला तर?"

माझी आई उत्तर देत नसे तेव्हा तिचं ठरलेलं असे.

आबा गाव बघायला निघून गेले, ताई धुणं घेऊन विहिरीवर. मला मलम आणायला सांगितलं. चिंचेखाली तात्या आणखी दोघांबरोबर बसले होते, त्यांना विचारावं म्हणून गेलो. पुढचं बोलणं जसं झालं तसंच सांगतो, कारण यात माझं एकही वाक्य खोटं नव्हतं.

"तात्या, आईला चावलंय. मलम-बिलम कुठं मिळंल का?"

तात्या उठलेच. "कवा?"

"काल. चालता चालता."

"काल चावलं अन् आज सांगतोस व्हय?"

"ती बोललीच न्हाय वो. आत्ता बघितलं."

"कुठं चावलं?"

"दोन्ही पायांना."

शेजारचा माणूस ताठ झाला. "दोन्ही?"

"सूज हाय का?" तात्यांनी विचारलं.

"हाय की. लाल झालंय. एके ठिकाणी जांभळं."

तात्यांनी आवाज खाली आणला. "लांबडं व्हतं का?"

"न्हाय वो, आखूड. आखूड हाय म्हणून तर चावलं."

"आखूडच वंगाळ असतंय," तो दुसरा म्हणाला. मला ते एकदम पटलं. सैल असतं तर काय झालं असतं?

"रंग बघितलास?"

"पांढरं. कडंनं निळी रेघ."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "आता कुठं हाय?"

"हाय तिथंच, कडब्याच्या मागं."

"एकलंच का?"

मला हसू आलं. "एकलं कसं असंल तात्या? जोडी हाय."

त्या माळावर सापाला साप म्हणत नाहीत. नाव घेतलं की येतो म्हणतात. लांबडं म्हणायचं, नाहीतर जनावर. आमच्याकडेही तीच रीत, पण त्या घडीला माझ्या डोक्यात फक्त पायताण होतं. आमच्या बोलीत बुटालाही पायताणच म्हणतात, आणि पायताण नपुंसकलिंगी. जनावरही नपुंसकलिंगी. ते बूट, असं एकदा तोंडातून निघालं असतं तर सगळं निभावलं असतं, पण व्याकरण माझ्या विरोधात गेलं.

तात्यांनी भराभर कामं वाटली. एकाला जीप काढायला पाठवलं, एकाला कडुलिंबाचा पाला आणायला. मला म्हणाले, "गावात कंपाउंडर हाय, डाक्टर रविवारी नसतो. तू पळ, त्येला उठीव." मी पळालो. पळता पळता माझा ऊर भरून आला होता. एका फोडासाठी माणसं जीप काढतात. आमच्या बावड्यात कोणी मान वर करून बघितलं नसतं.

कंपाउंडर झोपला होता. त्याच्या बायकोनं मला बसवलं, चहा टाकला, कुठले तुम्ही, कुठं निघालात ते विचारलं. कंपाउंडर तोंड धुऊन आला तेव्हा मी सांगितलं, पायाला फोड आलेत. त्यानं शांतपणे मलमाची डबी आणि कापसाची गुंडाळी दिली. मलाही घाई वाटली नाही. तिकडं जीप काढलेली होतीच. ती कशाला काढली, हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण मी चहा पीत होतो.

परत आलो तर वाड्यापुढं गर्दी. शेजारच्या वस्त्यांवरची माणसंही आली होती. तात्यांचा पुतण्या जीप चालू ठेवून भोंगा वाजवत होता. चारपाच गडी काठ्यांनी कडब्याची गंज बडवत होते आणि प्रत्येक फटक्याला मागं उडी मारत होते. मधोमध घोंगडीवर आई बसलेली, दोन्ही पोटऱ्यांना फडकी करकचून बांधलेली. तोंड हिरवं. बाय तिच्या तोंडात लिंबाचा पाला कोंबत होती.

"कडू लागतंय का ग?"

"बरं हाय," आई म्हणाली.

बायनं गर्दीकडे वळून बघितलं. "कडू लागंना."

"इख चढलं," कोणीतरी म्हणालं. इख म्हणजे विष. लिंब कडू लागला नाही तर विष अंगात भिनलं, अशी तिथली परीक्षा होती. बायनं आणखी मूठभर पाला घेतला. "आता?"

"चांगलं हाय."

कुरकुर करायची नाही म्हणजे नाही. आईनं कालचा सगळा रस्ता त्या बुटांत काढला होता, तिच्यापुढं लिंब काय चीज?

मी गर्दीत शिरायचा प्रयत्न करत होतो. "सरका, मलम आणलंय," म्हणालो, तर एक म्हातारा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आता मलमानं काय हुतंय लेकरा." मी चहा पीत असताना आईला आणखी काहीतरी झालं, असं मला वाटलं.

तेवढ्यात आबा धावत आले. त्यांना वाटेत कोणीतरी जनावराचं सांगितलं होतं. सकाळी बूट आणि दुपारी साप, एका दिवसात एवढं व्हावं, याचा त्यांना धक्का बसला होता. त्यांनी टोपी काढली आणि उभ्या उभ्या प्रार्थना सुरू केली. काठीवाल्यांनी काठ्या खाली केल्या. सगळ्यांनी हात जोडले, पण ही प्रार्थना कुठं संपते ते कोणाला माहीत नव्हतं. थोड्या वेळानं पुतण्यानं जीपमधून हळूच विचारलं, "झालं का? गाडी तापायलीय."

"गावच्या देवाला पण नारळ बोलतो मी," तात्या आबांना म्हणाले. "दोन्ही असू द्या. इखाला काय धरम कळतोय?"

"असू द्या," आबा म्हणाले.

मग चौघांनी आईला उचलायला हात घातले आणि आई पहिल्यांदा बोलली. "मी गाडीत बसणार न्हाय."

"अगं बये, जीव जाईल तुझा," बाय म्हणाली.

"बसणार न्हाय. गाडीत बसले तर नवस मोडतोय."

"बारामतीला नेत्यात तुला, सरकारी दवाखान्यात. सुई टोचत्यात अन् आणून सोडत्यात."

"मग मी चालत जाते बारामतीला."

"ते माघारी हाय," आबा कळवळून म्हणाले. "कालचं सगळं परत चालायचं का?"

आई घोंगडीवरून उठायला लागली. बायनं तिला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः मोठ्यानं रडायला लागली. एका अनोळखी बाईसाठी ती इतकी रडत होती की गर्दीतल्या दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावले. चौघांनी आईचे हात परत धरले. आईनं घोंगडीचं टोक मुठीत पकडलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्यांनी तिला घोंगडीसकट जीपमध्ये ठेवलं असतं, नवसही गेला असता आणि तो चांगल्या माणसांनी चांगल्या मनानं मोडला असता.

ताई विहिरीवरून आली ती ओल्या धुण्याची बादली घेऊन. तिनं बादली ठेवली. "काय झालंय?"

"जनावर चावलंय," पाचसहा जण म्हणाले.

"कवा?"

"काल."

"काल दिवसभर मी तिच्यासंगट चालत व्हते. कुणी सांगितलं तुमाला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी हातात मलमाची डबी घेऊन उभा. आणि बरोबर त्याच वेळी कडब्याच्या मागनं एक गडी ओरडला, "घावलं", आणि काठीच्या टोकावर लटकावून, अंग मागं झुकवून, त्यानं एक पांढरा बूट बाहेर आणला.

पुतण्यानं जीप बंद केली. तात्या पुढं आले, बुटाभोवती एक चक्कर मारली.

"आखूड," ते म्हणाले. "पांढरं. कडंनं निळी रेघ." मग माझ्याकडे वळून, "अन् जोडीचं?"

"आत हाय," मी म्हणालो.

"काढा रं जोडीचं. जपून. डूख धरतंय."

मग जे हसणं झालं ते ऐकून बांधावरच्या शेळ्या पळाल्या. मघाचा म्हातारा माझ्या पाठीवर पुन्हा थापटत म्हणाला, "आता आण मलम." त्यानंतर आम्ही तिथं होतो तोवर मी कुठंही दिसलो की कोणीतरी विचारायचं, "काय पाव्हणं, पायात काय घातलंय? बघू, वळवळतंय का?"

बाय मात्र हसली नाही. तिनं डोळे पुसले, आईच्या पोटऱ्यांची फडकी सोडली आणि तिच्यासमोर बसली. "मग लिंब कडू का लागंना तुला?"

"लागला की," आई म्हणाली. "लई कडू लागला. पण कुरकुर करायची न्हाय असं बोललेय मी."

"अन् आमी तुझ्याभवती एवढा कालवा करत व्हतो, तवा?"

"मला वाटलं, हिकडं फोडाला बी असंच जपत असतील."

बाय उठली. मग तिनं सगळ्यांना हाकललं, पाणी तापवायला ठेवलं, त्यात मीठ टाकलं आणि आईचे पाय घमेल्यात सोडले. मला आईनं ठेवून घेतलं, पाणी बदलायला. म्हणून त्या दोघींचं बोलणं मला ऐकायला मिळालं.

बायला सगळंच विचारायचं होतं. चालत जायचं ते समजलं, पण कुरकुर न करता म्हणजे किती? नवरा वेड्यासारखा बोलला तरी? भाकरी करपली तरी? मनातल्या मनात केली तर चालतं का? आई म्हणाली, मनातलं धरलेलं नाही. बायला ते बरं वाटलं. "मग जमंल मला," ती म्हणाली. मग तुमची माउली कशी आहे, उभी का बसलेली? आईनं सांगितलं, लहानपणी बापाच्या खांद्यावरनं पाहिली होती, आता एवढं आठवतं की तिच्यापुढं खूप मेणबत्त्या होत्या आणि त्यांची धग तोंडाला लागत होती. बायनं विचारलं, मेणबत्ती विझली तर अपशकुन असतो का? आईला हे माहीत नव्हतं. "विचारते तिथं," ती म्हणाली.

"अन् नवस कशाचा ग?"

"हा कायम झाला."

बायनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "ह्येच्यासाठी?"

आई हसली. चालायला लागल्यापासून मी तिला पहिल्यांदाच मोकळी हसताना पाहत होतो, आणि ती मला हसत होती.

ऊन उतरलं तसे आबा चिंचेपाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी सकाळचा निकाल सोडला नव्हता. आई उठली. तिच्या गाठोड्याच्या तळाला तिच्या जुन्या चपला निघाल्या. बावड्याहून निघतानाच तिनं त्या लपवून घेतल्या होत्या आणि मला वाईट वाटेल म्हणून बाहेर काढल्या नव्हत्या. त्या घालून ती निघाली. तोंडावर काही नाही, आवाज नाही. पण पाय लंगडत होता. ती चिंचेला पोचली तेव्हा आबांनी मान हलवली.

"न्हाय जमायचं. उद्या एस्टी."

"उद्या चालते असं मी कुठं म्हणाले?" आई म्हणाली. "मुख्य दिवसाला अजून वेळ हाय. नवसात दिवस ठरवलेला न्हाय. पाय बरं हुईपतूर हितंच राहू, मग दोन दिवस लागू देत न्हायतर चार. मग हळूहळू जाऊ."

"ऱ्हावा की," तात्या लांबूनच म्हणाले. "वाडा काय पळून जातोय?"

"अन् ह्याची रजा?" आबांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, दोन दिवस थांबू, मग जरा पाय उचलून गेलं तर सुरुवातीच्या प्रार्थनेला नक्की पोचू. पुढं रस्ता सपाट आहे. मी हिशोब केलाय.

"ह्येच," आई म्हणाली. "तू संगट असलास की पाय उचलावं लागत्यात. मागं वळून चला चला म्हणतोस. मला हळू जायचंय. तू हितनंच माघारी फिर."

"अगं पण नवस माझ्यासाठी हाय ना?"

"तुझ्यासाठी हाय. तुझ्यासंगट न्हाय."

मी आबांकडे बघितलं. त्यांनी टोपी काढून झटकली, परत घातली आणि म्हणाले, "मग ठीक हाय. चालंल." एस्टीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मला खरंच वाईट वाटलं. तो सोहळा बघायचा होता, पाळणे बघायचे होते, आणि हंगामी असताना ज्यांनी ओट्यावरून जाता जाता टोमणे मारले त्यांच्यातला कोणी यात्रेत भेटला असता तर त्यालाही भेटायचं होतं. पण खोटं कशाला सांगू, थोडं हलकंही वाटलं. मी नसलो तर ती पोचणार, हे तिनं तोंडावर सांगितलं होतं आणि ते खरं दिसत होतं.

पाय बरे व्हायला लागेल तेवढा वेळ लागला, आणि रजा उरली होती म्हणून मीही तोवर थांबलो. निघायच्या सकाळी आम्ही पाचजण सुप्याच्या फाट्यापर्यंत बरोबर आलो, कारण बायला त्या बाजूनंच शेळ्या चारायला न्यायच्या होत्या. निदान ती असं म्हणत होती. शेळ्यांना रोज दुसरीकडं नेतात हे मला एव्हाना माहीत होतं. फाट्यावर मी बारामतीच्या एस्टीसाठी थांबलो. आईनं माझ्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला आणि म्हणाली, "वेळेवर जेव." ताई म्हणाली, "दारातल्या चपला बघून घाल." आणि आई निघाली, आबांच्या मागं, स्वतःच्या चालीनं, कोणी मागं वळून हाका न मारता.

मला वाटलं, बाय आता परत फिरेल. ती फिरली नाही. आईच्या बाजूनं ती चालत राहिली, शेळ्या मागं सोडून. हातवारे करून ती काहीतरी विचारत होती आणि आई मान तिच्याकडे वळवून सांगत होती. वळणापर्यंत त्या दोघी दिसत होत्या. काय चाललंय ते ऐकावं म्हणून मी चार पावलं पुढं गेलो, तेवढ्यात मागनं एस्टी आली आणि कंडक्टर म्हणाला, "चला, चला, पाय उचला."